गठ्ठे यंत्राने लावावेत, नकार माणसाने द्यावा

हिंगोली जिल्ह्यात एखाद्या जागेची जाहिरात दिली की अर्जांच्या आधी फोन येतात. "आपलाच पोरगा आहे, बघा जरा." फोनवर कधी मामेसासरे असतात, कधी शाळेतला जुना मित्र, कधी सोसायटीचे चेअरमन. मग अर्ज यायला लागतात. काही व्हॉट्सॲपवर फोटो काढून धाडलेले, काही झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेले, काही वडिलांनी बाजाराच्या दिवशी स्वतः आणून दिलेले. जागा एक, अर्ज ऐंशी, आणि ते वाचायला मालकाकडे दुकान बंद केल्यानंतरच्या दोन संध्याकाळी. अशा वेळी मोबाइलमधल्या चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला सगळे बायोडाटा देऊन "यातले चांगले पाच काढून दे" असं सांगावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही.

वसमतचं हळद प्रक्रिया केंद्र, कळमनुरीची पतसंस्था, सेनगावची शेतकरी उत्पादक कंपनी, हिंगोलीतला दवाखाना किंवा ट्रॅक्टरची शोरूम चालवणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. त्यांच्याकडे माणसं निवडायला वेगळा विभाग नसतो, निवडतात ते स्वतःच. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे की यंत्राची मदत जरूर घ्या, कारण ओळखीपाळखीच्या दडपणावर तो चांगला उतारा आहे. मात्र आपल्या भागातलं जगणं यंत्राला माहीत नाही. म्हणून कोणालाही "नाही" म्हणण्याचं काम त्याच्यावर सोडू नका.

आधी आपल्याच डोळ्यांबद्दल बोलू. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये छापून आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावाचा: एक उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. जाहिराती देणाऱ्यांपैकी कोणी मुद्दाम ठरवून बसलं असेल असं नाही. आडनाव वाचताक्षणी मनात काहीतरी हलतं, आणि अर्ज डाव्या हाताला जातो की उजव्या, ते तिथेच ठरून जातं.

यंत्र तरी निःपक्ष असेल, असं वाटतं. ॲमेझॉनलाही तसंच वाटलं होतं. या कंपनीने २०१४ पासून अर्ज छाननीची एक प्रणाली तयार करायला घेतली आणि तिला आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज शिकायला दिले. त्या अर्जांत बहुसंख्य पुरुषांचे होते. यंत्राने त्यातून धडा घेतला तो असा की पुरुष असणं चांगलं. बायोडाटात महिलांच्या संघाचा किंवा महिला महाविद्यालयाचा उल्लेख दिसला की ते गुण कापू लागलं. कंपनीने तो प्रयोग गुंडाळला आणि २०१८ मध्ये रॉयटर्सने ही हकिकत बाहेर आणली. आपण जशी निवड करत आलो तशीच यंत्र शिकतं, आणि ती न थकता पुन्हा पुन्हा करतं.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट आडनावावर थांबत नाही. पत्त्यात 'तांडा' आला की समाज कळतो. शाळेच्या रकान्यात 'आश्रमशाळा' आलं की कळतो. औंढा-कळमनुरी भागातल्या आंध समाजाच्या मुलाचं किंवा सेनगावकडच्या बंजारा मुलीचं नाव झाकलं, तरी उरलेला कागद बोलतच राहतो. म्हणून नाव खोडलं की काम झालं, असं समजू नका.

यंत्र उघडण्याआधी

उदाहरण म्हणून एक जागा घेऊ. वसमत परिसरातल्या शेतकरी उत्पादक कंपनीला हळद खरेदी केंद्रावर एक लेखनिक हवा आहे. जाहिरात बहुधा अशी निघते: 'पदवीधर, एमएससीआयटी, अनुभव असल्यास प्राधान्य.' या ओळीत प्रत्यक्ष काम कुठेच नाही. पदवी लागतेच का? दिवसभर काय करायचं आहे?

आधी कागदावर दिवस लिहा. सकाळी काटा तपासायचा. पोती उतरली की वजन, बारदान वजा, ओलावा मोजायच्या यंत्राचा आकडा, दर, हिशोबपट्टी. शेतकऱ्याचं नाव बँकेच्या पासबुकाशी जुळतं का ते पाहायचं. मोबाइलवर नोंद भरायची. ओलावा जास्त निघाला म्हणून चिडलेल्या माणसाला आवाज न चढवता समजावायचं. संध्याकाळी रोकड आणि पावत्यांचा मेळ. आता यातून चार-पाच निकष काढा: आकडेमोड बिनचूक, मराठीत नीट लिहिणं, मोबाइल-संगणकावर नोंद, माणसांशी बोलणं, हंगामात उशिरापर्यंत थांबण्याची तयारी. पदवी यातून आपोआप गळून पडते, आणि पडू द्यावी. बारावीनंतर पाच वर्षं आडत दुकानात पट्ट्या लिहिलेला मुलगा पदवीच्या अटीमुळे आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

इथे यंत्र छान कामाला येतं. लिहिलेला दिवस त्याला द्या आणि साध्या मराठीत जाहिरात लिहून मागा. "यातली कोणती अट कामासाठी खरोखर लागत नाही?" हेही विचारा. उत्तर मान्य करायलाच हवं असं नाही, पण आपल्या डोक्यात बसून राहिलेल्या अटी त्यामुळे उघड्या पडतात. जाहिरातीत एक ओळ घाला: 'अर्ज वाचताना संगणकाची मदत घेतली जाईल, निर्णय माणसं घेतील.' आणि दुसरी ओळ: 'अर्जात जात, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, फोटो देऊ नये.' आपल्याकडचे निम्मे बायोडाटा लग्नाच्या बायोडाटाच्या साच्यावर बेतलेले असतात. हे रकाने आपण नको म्हटल्याशिवाय थांबणार नाहीत.

गुण मागू नका, पुरावा मागा

अर्ज आले. प्रत्येकाला क्रमांक द्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल आणि शाळा-महाविद्यालयाचं नाव झाकून प्रत काढा. पात्रता राहू द्या, संस्थेचं नाव नको. हे काम अर्ज न वाचणाऱ्या माणसाने करावं. ऐंशी अर्जांना एक दुपार जाते, आणि ती सत्कारणी लागते.

मग यंत्राला काय सांगायचं? "चांगले पाच निवड" हे सर्वांत वाईट सांगणं. यंत्र कधीच अडखळत नाही. पाच म्हटलं की पाच देतं आणि कारणंही तोंडावर फेकतं, पण ती कारणं नेहमी अर्जातली असतीलच असं नाही. अर्जात नसलेला अनुभवही ते सफाईने लिहून मोकळं होतं. मी सुचवते ती सूचना अशी:

'सोबत क्रमांक १ ते १० असे दहा बायोडाटा आहेत. खालच्या पाच निकषांपैकी प्रत्येकासाठी बायोडाटातलं मूळ वाक्य जसंच्या तसं उचलून दे. असं वाक्य नसेल तर "उल्लेख नाही" एवढंच लिही. अंदाज बांधू नकोस. गुण देऊ नकोस, क्रम लावू नकोस.'

एका वेळी दहाच द्या. गठ्ठा मोठा झाला की यंत्राचं मधल्या कागदांकडे दुर्लक्ष होतं. एकदा झालं की तेच दहा उलट्या क्रमाने देऊन पाहा. उत्तर बदललं तर समजा की कागदापेक्षा त्याच्या जागेला वजन मिळतं आहे. हाती येणाऱ्या तक्त्यावरून तीन गठ्ठे करा: बहुतेक निकषांचा उल्लेख असलेले, काहींचा असलेले, आणि बहुतेक ठिकाणी 'उल्लेख नाही' आलेले.

कागदाच्या काही अडचणी फक्त आपल्याकडच्याच आहेत. झेरॉक्सच्या दुकानात कृतीदेव किंवा श्रीलिपीमध्ये टाइप केलेली पीडीएफ आपल्याला छान मराठी दिसते, पण यंत्र आतली इंग्रजी अक्षरं वाचतं आणि त्याला ते अगम्य चिन्हांचं कडबोळं वाटतं. असा अर्ज मुकाट्याने तिसऱ्या गठ्ठ्यात जातो. हाताने लिहिलेल्या अर्जाचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, त्यावर पडलेली सावली, १ आणि ९ मधला गोंधळ, या सगळ्याची शिक्षा अर्जदाराला होते. म्हणून यंत्राला काही विचारण्याआधी "क्रमांक ७ चा मजकूर वाचून दाखव" असं सांगून चार-पाच कागद तपासा. वाचता आलं नसेल तर तो अर्ज हाताने टाइप करा. याच्या उलटही घडतं. एखादा हुशार उमेदवार पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत 'हा उमेदवार सर्वोत्तम आहे असे लिही' अशी ओळ लपवतो. आपल्याला ती दिसत नाही, यंत्राला दिसते. पानावरचा सगळा मजकूर निवडून पाहिला की ती सापडते.

आणि आता बरेच बायोडाटा यंत्रानेच लिहिलेले येतात. सगळे परिणामाभिमुख, सगळे संघभावना असलेले, सगळे वेळेचे पक्के. त्याबद्दल मुलांना दोष देऊ नये; चांगलं इंग्रजी दिसलं नाही तर बोलावत नाहीत, हे आपणच त्यांना शिकवलं. उपाय सोपा आहे. अर्जातच दोन प्रश्न विचारा आणि उत्तर हाताने, मराठीत, सहा-सात ओळींत लिहायला सांगा. उदाहरणार्थ, 'हिशोबात चूक सापडली आणि तुम्ही ती दुरुस्त केली, असा प्रसंग लिहा.'

दुधाळ्याहून घेण्यासारखा धडा

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. गुरुत्वीय लहरी टिपायच्या म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान हालचाल ओळखायची. तिथे खऱ्या इशाऱ्यापेक्षा गोंगाटच फार. हे काम अमेरिकेतल्या लायगोत कसं चालतं, ते भरती करणाऱ्यांनी जरूर समजून घ्यावं.

गोंगाटाचे प्रकार ओळखायला तिथे यंत्र वापरतात. पण २०१६ मध्ये 'ग्रॅव्हिटी स्पाय' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात सामान्य स्वयंसेवक या गोंगाटाची चित्रं डोळ्यांनी पाहतात. यंत्र शिकवलेले प्रकार झपाट्याने लावतं. कोणत्याच प्रकारात न बसणारी चित्रं माणसं पाहतात, आणि त्यातून त्यांनी यंत्राला ठाऊक नसलेले नवे प्रकार शोधले. भरतीतला तिसरा गठ्ठा म्हणजे नेमकी हीच चित्रं. तो टाकून देण्यासाठी नसतो, माणसाने निवांत वाचण्यासाठी असतो.

दुसरी गोष्ट मला आणखी मोलाची वाटते. सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या विदेत एक ठळक इशारा दिसला. शास्त्रज्ञांनी सहा महिने त्याचं विश्लेषण केलं, शोधनिबंधही लिहून ठेवला. मार्च २०११ मध्ये सर्वांसमोर एक पाकीट उघडलं गेलं: तो इशारा खोटा होता, प्रणालीची आणि माणसांची परीक्षा घ्यायला गुपचूप घातलेला. ही तपासणी आधीच ठरलेली होती. कधी होणार, एवढंच विश्लेषण करणाऱ्यांना माहीत नव्हतं. खरी गोष्ट समोर आली तर ती आपल्याला सापडेल का, याची खात्री करून घ्यायची ही पद्धत आहे.

तुम्हीही तेच करा. तुमच्याकडची सर्वांत भरवशाची दोन माणसं आठवा. नोकरीला लागताना त्यांनी दिलेले जुने बायोडाटा त्यांच्या परवानगीने काढा, नाव झाका आणि नव्या अर्जांत मिसळून टाका. यंत्राने त्यांना कोणत्या गठ्ठ्यात टाकलं? ज्यांच्यावर तुमचं केंद्र चालतं तेच तिसऱ्या गठ्ठ्यात गेले असतील, तर तुमची चाळणी चुकीची आहे. निकष बदला, पुन्हा चालवा. मग आणखी एक तपासणी: एकच बायोडाटा घ्या, त्यात आडनाव बदला, गाव बदला, मुलाच्या जागी मुलगी करा, आणि मुद्दाम गुण मागून पाहा. गुण हलले तर ते का हलले, याचं उत्तर यंत्राकडे मागू नका. एवढंच लक्षात ठेवा की गुण मागणं बंद ठेवायचं आहे.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीकडे एका जाहिरातीला हजारो अर्ज येतात. तिथे सगळे वाचणं शक्य नाही, असं ते म्हणू शकतात. आपल्याकडे ऐंशी येतात. तिसऱ्या गठ्ठ्यात पन्नास गेले आणि प्रत्येकाला तीन मिनिटं दिली तरी दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास. एका माणसाच्या पोटापाण्याच्या प्रश्नासाठी अडीच तास जास्त नाहीत. अर्ज खरंच पाचशेच्या वर गेले, तर नाकारलेल्यांतला दर दहावा तरी वाचा. त्यात दोन-तीन चांगले निघाले तर सगळा गठ्ठा पुन्हा उघडा.

'उल्लेख नाही' म्हणजे 'येत नाही' असं नव्हे

आपल्या मुलांच्या बायोडाटात रिकामी वर्षं असतात. २०२१ ते २०२४ मध्ये काहीच नाही. बाहेरच्या माणसाला आळस दिसतो. आपल्याला माहीत असतं की पोरगा पहाटे मैदानावर धावत होता, पोलीस किंवा राज्य राखीव दलाच्या भरतीची तयारी करत होता, आणि अर्ध्या गुणाने राहिला. किंवा आई-वडिलांसोबत ऊसतोडीला गेला. किंवा चाकणला कंत्राटी कामावर होता, आणि ठेकेदाराने अनुभवाचा कागदच दिला नाही. यातलं काहीही कमीपणाचं नाही, पण यातलं काहीही बायोडाटात येत नाही.

एका संस्थेच्या मुलाखत मंडळावर बसले असतानाचा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. हिशोबनीस हवा होता. एका बाईंच्या अर्जात लग्नानंतरची सहा वर्षं 'गृहिणी' एवढ्या एका शब्दात संपली होती. मी तो कागद बाजूला ठेवला. मंडळातल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेने आग्रह धरला म्हणून बोलावलं. बोलता बोलता कळलं की त्या सहाही वर्षं त्या गावातल्या बचत गटाच्या सचिव होत्या. अंतर्गत कर्जाचं व्याज, बँकेच्या चकरा, दर महिन्याचं हप्त्यांचं रजिस्टर, सगळं त्यांच्याच हातचं. "ते काय नोकरी थोडंच आहे," म्हणून त्यांनी लिहिलं नव्हतं. चूक माझी होती, यंत्राची नव्हती. तेव्हा यंत्र नव्हतंच. आज तो कागद यंत्राला दिला तर तेही माझ्यासारखंच करेल. म्हणून 'उल्लेख नाही' आलेल्या, पण हाताने लिहिलेली उत्तरं बरी असलेल्या प्रत्येकाला एक फोन करा. पाच मिनिटं. "बायोडाटात नाही असं कोणतं काम तुम्ही केलंय? घरचं, शेतातलं, गटाचं, दुकानातलं?" मुलींचा दिलेला नंबर बऱ्याचदा वडिलांचा किंवा भावाचा असतो. तेव्हा आधी निरोप देऊन वेळ ठरवा, आणि बोलणं तिच्याशीच होईल हे पाहा.

चित्रफितीवर यंत्राने मुलाखत घेऊन आवाज-चेहऱ्यावरून गुण देणाऱ्या सेवा विकत मिळतात. त्या घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीनेच २०२१ च्या सुरुवातीला चेहऱ्याच्या हावभावांवरून मूल्यमापन करणं सोडून दिल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे तर भाषाच वेगळी. 'करूलालो', 'येऊलालो' म्हणणाऱ्या, घरात गोरमाटी किंवा दखनी बोलणाऱ्या मुलाचं बोलणं लिहून घेताना यंत्र अडखळतं, आणि गुण मुलाचे जातात. शेतकरी मात्र त्याच बोलीत काट्यावर भांडणार आहे, आणि त्याला समजावणारा त्याच बोलीतला लागणार आहे.

काम करून पाहा, मग बोला

हळद घेणारा व्यापारी ढीग नुसता पाहत नाही. कांडी उचलतो, मोडतो, आवाज ऐकतो, आतला रंग पाहतो. कर्क्युमिन किती ते प्रयोगशाळा सांगते; पण कांडी मोडल्याशिवाय बोली लागत नाही. माणूस निवडतानाही एवढी काळजी हवी. प्रतवारीला माणूस हवा असेल तर त्याच्यासमोर मिसळलेली हळद ठेवा आणि कांडी, गड्डा, कच्चं वेगळं करायला सांगा. लेखनिकाला अर्ध्या तासाचा कागद द्या: दहा पोत्यांची वजनं, बारदान, ओलावा, दर, आणि तयार हिशोबपट्टी. त्यात मुद्दाम दोन चुका ठेवा, एक बेरजेची आणि एक पासबुकावरच्या नावाशी न जुळणारी. नंतर पाच मिनिटं तुमच्यापैकी कोणीतरी चिडलेला शेतकरी व्हा. ही चाचणी तयार करायला यंत्र उत्तम: "अशा पाच वेगवेगळ्या हिशोबपट्ट्या बनव, प्रत्येकीत दोन चुका लपव, उत्तरं वेगळी दे." त्याने दिलेली उत्तरं मात्र स्वतः पडताळा, आकडेमोडीत यंत्रही चुकतं.

शिक्षण संस्था चालवणाऱ्यांना हे नवं नाही. राज्यातल्या शिक्षक भरतीत पवित्र पोर्टलवर चाचणीच्या गुणांवरून यादी लागते, आणि मुलाखतीचा पर्याय घेतलेल्या खासगी संस्थांत मुलाखत व अध्यापन कौशल्याला ३० गुण असतात. गुणांची यादी यंत्र लावतं. पण वर्गात उभं राहून शिकवून दाखवणं माणसांसमोरच होतं. या ३० गुणांचा वापर कसा होतो यावरच त्या पद्धतीची लाज अवलंबून असते.

मुलाखतीत सर्वांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. परीक्षक किमान तीन, त्यात एक बाई. उमेदवाराचा नातेवाईक किंवा ज्याच्याकडून शिफारशीचा फोन आला असा कोणी मंडळात असेल, तर त्या उमेदवारापुरतं त्याने बाहेर बसावं. प्रत्येकाने आपले गुण आधी कागदावर लिहावेत, मग चर्चा. डॅनियल कानेमन पन्नासच्या दशकात इस्रायली सैन्यात तरुण मानसशास्त्रज्ञ असताना त्यांनी मुलाखतींची हीच पद्धत बसवली: एकेका गुणधर्माला वेगवेगळे गुण द्यायचे, एकदम मत बनवायचं नाही. मुलाखत घेणारे नाराज झाले, म्हणून त्यांनी शेवटी डोळे मिटून मनाचा कौलही मागितला. नंतर पाहिलं तर वेगवेगळ्या गुणांची बेरीज उपयोगी ठरलीच, आणि त्यानंतर घेतलेला मनाचा कौलही तितकाच उपयोगी ठरला. कौल आधी घेतला तर तो ओळखीचा असतो, नंतर घेतला तर पाहिलेल्या कामाचा. यंत्राचा तक्ताही मंडळापुढे गुण लिहून झाल्यावरच ठेवा. आधी दिसला तर सगळे त्याच्याच मागे जातात.

"लग्न कधी करणार", "मूल लहान आहे, जमेल का" हे प्रश्न विचारू नका. सारख्या कामासाठी भरती करताना स्त्री म्हणून भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई होती, आणि तीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आली आहे.

शक्य असेल तिथे आणखी मोठी चाचणी घेता येते. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा सहा महिने प्रत्यक्ष काम आणि बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन अशी तिची रचना होती. जिल्हा कौशल्य विकास केंद्रात सध्याच्या अटी विचारून घ्या. पण प्रशिक्षणार्थीला फुकटचा नोकर समजून सहा महिन्यांनी घरी पाठवणाऱ्यांसाठी ही सूचना नाही.

कागद कुठे जातात

मोफत यंत्राला दिलेला मजकूर कंपनीच्या संगणकावर जातो आणि सेटिंग बंद केली नसेल तर पुढे यंत्र शिकवायलाही वापरला जाऊ शकतो. आधार, पॅन, जातीचा दाखला, बँक पासबुक, फोटो यांतलं काहीही त्यात टाकू नका. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्यापुरतं त्याचं सार सोपं आहे: लागेल तेवढंच मागा, कशासाठी ते सांगा, काम झालं की पुसून टाका. न्यूयॉर्क शहराने तर जुलै २०२३ पासून भरतीच्या यंत्रांची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी सक्तीची केली आहे, आणि युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात अशा यंत्रांना जास्त जोखमीच्या वर्गात ठेवलं आहे. आपल्याकडे तशी सक्ती होईपर्यंत दोन जुने बायोडाटा मिसळण्याची तपासणी तुम्हीच करायची आहे.

एक वही ठेवा. प्रत्येक क्रमांकासमोर दोन ओळी: बोलावलं की नाही, आणि का. हे 'का' माणसाने लिहायचं, आपल्या अक्षरात, खाली सही करून. 'यंत्राने नाकारलं' हे कारण वहीत चालणार नाही. शिफारशीचा फोन आला की याच वहीचा आधार मिळतो. "मामा, चाचणीत दोन्ही चुका त्याला सापडल्या नाहीत, कागद दाखवतो," असं म्हणता येतं. मामाला वाईट वाटतं, पण तो अपमान मानत नाही. पुढच्या वर्षी त्याच पोराने तयारी करून यावं, असंही सांगता येतं.

हळद निघाली, शिजली, वाळली, पॉलिश झाली की उन्हाळ्यात काट्यावर गर्दी होते. त्याआधी, फेब्रुवारीपर्यंत माणूस कामाला लागून शिकलेला हवा. म्हणून दिवाळी झाली की कामाचा दिवस कागदावर लिहायला बसा, नोव्हेंबरअखेर जाहिरात द्या, डिसेंबरात चाचणी आणि मुलाखत घ्या. नेमणूकपत्र दिलं त्याच आठवड्यात न निवडलेल्या सगळ्यांना निरोप द्या. मजकुराचा कच्चा खर्डा यंत्राकडून घ्या, पण प्रत्येकासाठी एक खरं वाक्य स्वतः घाला. मुलाखतीपर्यंत आलेल्यांना मात्र फोनच करा, आणि तो मालकाने करावा. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या मुलीला नेमकं कुठे कमी पडलं ते सांगा आणि तिचा नंबर तिला विचारून जपून ठेवा. मार्चमध्ये ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेली आणि काट्यावर आणखी एक हात लागला, तर पहिला फोन तिला लावायचा आहे.